पिसातले अकरा दिवस

हिरव्या वटवट्याला तळहातावर घेतले, की त्याच्या वजनाआधी त्याच्या काळजाचे ठोके जाणवतात. जेमतेम सात-आठ ग्रॅमचा जीव. पावसाळा सरता सरता तो हिमालयाकडून निघतो, जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातल्या एखाद्या हिरड्याला आपले मानतो आणि चैत्र लागेपर्यंत त्या झाडाची राखण करीत राहतो. परतीला निघण्याआधी, माघ-फाल्गुनात, तो अंगावरची जीर्ण पिसे एकेक करून टाकतो आणि त्या जागी नवी धरतो. बरीचशी प्रवासी पाखरे हे काम मायदेशी, पिल्ले उडून गेल्यावर उरकतात आणि नव्या पिसांनिशी दक्षिणेची वाट धरतात. हा मात्र ते परमुलखात, निघण्याच्या तोंडावर करतो. पिसे वेळेत पुरी झाली नाहीत तर निघायला उशीर, आणि उशीर झाला तर तिकडच्या चांगल्या जागा दुसऱ्यांनी धरलेल्या.

वृषालीताई गेली तीन वर्षे या पिसे पालटण्याच्या वेळापत्रकाचा अभ्यास करीत होत्या. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत त्यांनी वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. आणि आपटाळ्याच्या पुढे, एसटी जिथून वळून परत फिरते तिथून अर्ध्या तासाच्या चढावर, एका वाडीच्या हिरड्याच्या राईत त्यांची सात जाळी उभी असत. केसासारख्या बारीक काळ्या दोऱ्याची जाळी. अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, कापडी पिशवीत घालून पिशवी फांदीला टांगायची, मग एकेकाला काढून तोलायचे, पायात नंबर कोरलेले वाळे घालायचे, पंख पसरून नऊ मोठ्या पिसांना गुण द्यायचे आणि सोडून द्यायचे. जुन्या पिसाला शून्य, पूर्ण वाढलेल्या नव्याला पाच, मधल्यांना वाढीप्रमाणे. पकडल्याची वेळ आणि सोडल्याची वेळ वहीत लिहायची. या दोन वेळांत अर्ध्या तासाहून अधिक अंतर पडता कामा नये, हा ताईंचा पहिला नियम होता.

वाडीवर राहून हे काम पाहणारा भरत कळंबचा. घरी कांदा-बटाट्याची शेती, मंचरच्या बाजाराशी रोजचे जाणे-येणे, ओसरीवर सदा चार माणसांचा राबता. त्या राबत्यात भरत कुठेच मावला नाही. चार लोकांत बोलायची वेळ आली, की शब्द त्याच्या घशापर्यंत येत आणि तिथूनच मागे फिरत. पाखरांचे काम त्याला आवडले ते त्यात बोलावे लागत नाही म्हणून, असे तो स्वतःशी कबूल करी.

त्याच्या जोडीला भागू होता. वाडीचाच, पन्नाशीकडे झुकलेला, भात आणि नाचणी करणारा, सातवीपर्यंत शिकलेला. त्याच्या बोटांना विळ्याचे घट्टे होते, पण जाळ्यात गुरफटलेले पाखरू भरतला सोडवायला चार मिनिटे लागत, तिथे भागू मिनिटाभरात ते मोकळे करी. आधी पाय, मग पोट, मग पंख, शेवटी डोके. गुण द्यायलाही तो शिकला होता. पंख उलगडून तो म्हणे, “पाच, पाच, पाच, तीन, एक, आन् पुढं समदी म्हातारी,” आणि भरत लिहून घेई. ताईंनी यंदा त्याचे नाव राजस्थानातल्या एका शिबिरासाठी धरले होते. पंधरा दिवसांचे शिबिर. तिथून परतल्यावर भागूला स्वतःच्या नावाचा परवाना मिळाला असता, पाखरांना वाळे घालण्याचा. जागा एकच होती. भागू ही गोष्ट कोणाला सांगत नसे, पण शिबिराच्या पत्रकाची झेरॉक्स त्याने देवळीत, देवाच्या तसबिरीमागे उभी करून ठेवली आहे, हे भरतने पाहिले होते.

बावीस फेब्रुवारीचा रविवार. भागूच्या मुलीचा, आरतीचा, साखरपुडा होता. नऊ वाजताच जाळी मिटवायची ठरले. भागूने शेवटची फेरी मारली, सातही जाळी गुंडाळून बांधली. सातव्यात एक वटवट्या निघाला. तो पिशवीत घालून त्याने भरतच्या हाती दिला.

“हे घ्या शेवटचं. सात नंबरचा मालक दिसतोय. आन् लगोलग या बरं का, भरतभाऊ. म्हातारी वाट बघत बसंल.”

भागू उतारावरून दिसेनासा झाला. भरतने पिशवी हिरड्याच्या फांदीला टांगली, घड्याळ पाहिले, नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि वजनाचा काटा काढायला तो सामानाच्या थैलीपाशी वाकला. एवढ्यात भागूचा चुलतभाऊ चिमाजी धापा टाकत वर आला.

“चला पावणं, पाट मांडलं. नवऱ्याकडची मंडळी बसली बी.”

“आलोच. हे एवढं...”

“मी थांबतो की,” चिमाजी म्हणाला आणि खरोखरच थांबला. कमरेवर हात ठेवून, भरतच्या हातांकडे टक लावून.

कोणी पाहत असले की भरतचे हात थरथरत. पाखराचा पंख थरथरत्या हातांनी उलगडू नये, हेही त्याला ठाऊक होते. चार घास खाऊन पंधरा मिनिटांत परतता येईल, असा हिशेब त्याने केला. पाखरू सावलीत होते, पिशवी सुती होती. तो चिमाजीच्या मागे निघाला.

अंगणात मांडव होता. भरतला नवऱ्या मुलाचा मामा आणि गावातले एक वयस्क गृहस्थ यांच्या मधल्या पाटावर बसवले गेले. पत्रावळी मांडल्या होत्या, वाढप मात्र सुरू व्हायचे होते. कोणाचे तरी काका अजून यायचे होते. ते आले तेव्हा पावणेदहा झाले होते. मग भात आला, आमटी आली, श्लोक झाला. भरतने भराभर चार घास गिळले आणि पाहिले, तर मामांनी अजून भातही कालवला नव्हता. पंगतीतून मध्येच कोणी उठत नाही. सगळ्यांचे आटोपले, वडीलधारी उठली, की मगच उठायचे. हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. कळंबलाही तसेच होते.

“पोराला वाढा गं,” भागूची आई गोजरबाई खांबाला टेकून म्हणाली. “चिमणीवानी खातंय.”

“पिसं मोजून मोजून पोट भरतंय त्येंचं,” चिमाजी जिलेबीचे ताट घेऊन आला. “पाखराची मोजता तशी जिलेबी नका मोजू, राव.”

पंगत हसली. मामांनी विचारले, पिसे मोजायची नोकरी सरकारी की खाजगी, लग्न झाले का, कांदा यंदा काय म्हणतो. भरत उत्तरे देत होता आणि त्याच्या कानात एकच वाक्य घुमत होते: माझे एक पाखरू टांगलेले आहे. सहज म्हणता आले असते. दहा वेळा ते ओठांशी आले. प्रत्येक वेळी त्याला वाटे, आता सगळे आपल्याकडे पाहतील. मुलीच्या साखरपुड्याच्या पंगतीतून हा पोरगा पाखरासाठी उठला म्हणतील, नवऱ्याकडच्यांसमोर भागूला खाली पाहावे लागेल. मग तो आणखी एक घास घेई. पंगत उठली तेव्हा त्याला टोपी-उपरणे द्यायचे होते म्हणून पुन्हा बसवले. मुलीच्या बापाच्या जोडीचा माणूस, मानाचा. नाव पुकारले जाईपर्यंत तो बसून राहिला.

तो राईत पोहोचला तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटे होती. फांदीची सावली केव्हाच सरकली होती आणि पिशवीवर ऊन पडले होते.

आत पाखरू ओले लिबलिबीत झाले होते. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. भरतने त्याला सावलीत धरले, साखरेच्या पाण्याचे थेंब चोचीच्या कडेला सोडले. त्याला तेव्हा देव आठवला नाही, ताई आठवल्या नाहीत. फक्त हातातले ठोके मोजता येत नव्हते इतके मंद झाले होते, ते पुन्हा मोजता न येण्याइतके जलद व्हावेत, एवढेच वाटत होते. वीस मिनिटांनी ते झाले. पाखरू करवंदीच्या झुडपात कसेबसे उतरले, खालच्या फांदीवर पिसे फुलवून बसले आणि मग दिसेनासे झाले.

वाळ्याच्या नंबरातले शेवटचे आकडे त्याने पाहिले होते. चारशे सतरा. वही उघडून त्याने लिहिले: पकडले, नऊ दहा. सोडले, नऊ पंचवीस. पंख त्याने उलगडून पाहिलाच नव्हता. गुणांच्या रकान्यात मागच्या नोंदीवरून अंदाजाने आकडे भरले. अक्षर नेहमीसारखेच नीटनेटके आले, याचे त्याला नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिले.

पाच मार्चला ताई जुन्नरहून आल्या होत्या. सकाळी सातव्या जाळ्यात चारशे सतरा पुन्हा सापडला. ‘जिवंत आहे’, एवढेच भरतच्या मनात आले. तो दगडावर बसला. भागूने पाखरू ताईंच्या हाती दिले. ताईंनी शेपटी पसरून उजेडाकडे धरली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“हे बघा,” त्या म्हणाल्या. “दोघेही बघा.”

शेपटीची सगळी पिसे एकदमच नवी येत होती. त्या सगळ्यांवरून, एका सरळ ओळीत, पारदर्शक रेघ गेली होती. सुरीच्या पात्याने ओढावी तशी. रेघेपाशी पीस इतके पातळ होते की पलीकडचा प्रकाश दिसत होता. वाढत्या पंखपिसांवरही तीच रेघ होती. एका पिसाचे टोक तिथे मोडलेलेच होते.

“पीस वाढत असताना पाखरावर मोठा ताण आला, की त्या दिवसाचा भाग असा कच्चा राहतो,” ताई म्हणाल्या. “उपास, आजार, धास्ती, काहीही. आणि कोणत्या दिवशी, तेही कळतं. पीस दिवसाला एक पट्टा वाढतं. एक फिकट, एक गडद. दोन्ही मिळून एक दिवस.”

त्यांनी भिंग लावले. रेघेपासून पिसाच्या मुळापर्यंत त्या पट्टे मोजू लागल्या. भरतला वाटले, त्या मोठ्याने मोजत नाहीत ते बरे आहे. मग त्या म्हणाल्या, “अकरा.” आणि त्यांनी वहीची पाने उलटली.

“बावीस तारीख. त्या दिवशी हा आपल्याकडे होता. नऊ दहाला पकडला, नऊ पंचवीसला सोडला. पंधरा मिनिटांनी असं होत नाही.” त्यांनी मान वर केली. “त्या दिवशी जाळी कोणी मिटवली?”

“म्या,” भागू म्हणाला.

“नीट बांधली होती?”

भागूने आठवून पाहिले. “बांधली व्हती, ताई. पर दुपारच्याला पावणं गेल्यावर मी हिकडं आल्तो, तवा सात नंबरचं जाळं खालनं सुटल्यालं दिसलं. वाऱ्यानं असंल. मी बांधून टाकलं. आत काय न्हवतं.”

ताईंनी डोळे मिटून घेतले. भरतला त्यांच्या मनात काय जुळत चालले आहे ते स्पष्ट दिसत होते: सोडलेले पाखरू आपल्या झाडाकडे परतले, सुटलेल्या जाळ्यात पुन्हा गुंतले, उन्हात तासन् तास लोंबकळले आणि धडपडून कसेबसे निसटले. सगळे कसे चपखल बसत होते. त्यात भरत कुठेच नव्हता. भागूने जर ते जाळे सुटल्याचे सांगितलेच नसते, तर कोणाला कळले असते? पण त्याने सांगितले. विचारले म्हणून सांगितले.

“असंल ताई,” भागू म्हणाला. “पोरीची गडबड व्हती. घाईत गाठ कच्ची बसली असंल.”

त्या क्षणी भरतला बोलता आले असते. चारशे सतराचे ते अर्धपारदर्शक पीस तिघांच्या मध्ये होते, आणि तिघांपैकी एकालाच, त्याला, ते खरे वाचता येत होते. त्याचे ओठ हललेही. ताईंना वाटले, तो भागूची बाजू घ्यायला पाहतो आहे, त्या म्हणाल्या, “तू काही बोलू नकोस, भरत. मलाही बरं वाटत नाहीये.”

आणि तो बोलला नाही.

उतरताना ताईंनी भागूला हळू आवाजात सांगितले, की शिबिराचे यंदा राहू द्या, पुढल्या वर्षी पाहू. परवाना म्हणजे एकट्याच्या भरवशावर जाळी सोपवणे असते. भागूने मान डोलावली. ताई मग भरतकडे वळल्या. “जागा फुकट घालवायची नाही. पंधरा तारखेपर्यंत अर्ज पाठवायचा आहे. तुझं नाव देते.”

त्या दिवसापासून भागूने पाखरांना हात लावणे सोडले. कोणी मनाई केली नव्हती. तो पहाटे यायचा, काठ्या रोवायचा, जाळी ताणायचा, प्रत्येक गाठ दोनदोनदा ओढून पाहायचा आणि पाखरू अडकले की बाजूला होऊन हाक द्यायचा, “भरतभाऊ, पाच नंबरला हाय.” एकदा एक वटवट्या फार वाईट गुरफटला होता; भरतच्या हातून सुटेना. तो म्हणाला, “भागूदादा, जरा बघा ना.” भागू पुढे झाला, हात वर केले आणि तसेच खाली घेतले. “न्हाई, तुमीच काढा,” तो म्हणाला. “माझी बोटं आता जड झाल्यात.”

भरतला झोप लागेनाशी झाली असे मात्र नाही. लागे, आणि सकाळी जाग आल्यावर पहिला श्वास घेतानाच काहीतरी जड आठवावे तसे ते आठवे. वटवट्यांची पिसे भराभर पुरी होत होती. वहीत गुण वाढत होते, तीसवरून चाळीस, चाळीसवरून पंचेचाळीस. एवढीशी पाखरे न बोलता, न चुकता आपापले जुने टाकून मोकळी होत आहेत, आणि आपण मात्र कोरी करकरीत लबाडी अंगावर वागवीत आहोत, असे त्याला वाटे. भागूच्या घरी त्याने जाणे टाळले. एकदा गेला तेव्हा देवळीत तसबीर भिंतीला सपाट टेकलेली होती. मागे काही नव्हते.

तेरा तारखेला दुपारी ताईंचा निरोप आला: अर्ज भरला आहे, उद्या सही करायला ये. भरतने फोन खिशात घातला आणि तो राईच्या वरच्या टोकाकडे चालू लागला. बाळहिरड्याचा हंगाम सुरू झाला होता. भागू एका मोठ्या हिरड्यावर चढून फांद्या हलवत होता. खाली अंथरलेल्या लुगड्यावर कोवळे हिरवे हिरडे टपटप पडत होते आणि गोजरबाई बसल्या बसल्या ते पाटीत भरत होती.

भरतला भागू एकटा हवा होता. म्हातारीसमोर बोलणे त्याला जमणार नव्हते. परत फिरावे, असे त्याच्या मनात आले. आणि हाच तो विचार आहे, असाच आपण त्या पाटावर बसलो होतो, हे उमजून तो तिथेच थांबला.

“भागूदादा,” तो झाडाकडे पाहून म्हणाला. भागूचा चेहरा पानांआड होता, फक्त तळपाय दिसत होते. “ते जाळ्यात नव्हतं अडकलं. चारशे सतरा. ते माझ्या पिशवीत होतं.”

वरून हिरडे पडत राहिले.

“साखरपुड्याच्या दिवशी. तुम्ही दिलंत, ते मी फांदीला टांगलं आणि जेवायला आलो. बारा वाजता परत आलो. तोवर ते उन्हात होतं. वहीतली वेळ खोटी आहे. गुणही खोटे आहेत. तुमच्या जाळ्याचा काही संबंध नव्हता.”

हिरडे पडायचे थांबले.

गोजरबाईने हातातला हिरडा पाटीत टाकला. “म्हंजी आमच्या पंगतीला बसला म्हणून पाखरू तसंच ऱ्हायलं?”

भरतने मान डोलावली.

“आरं, मग सांगायचं व्हतंस की लेकरा. पान झाकून ठिवलं असतं. पाखरू सोडून यायचं, मग जेवायचं. आमी काय बांधून घातलं व्हतं का तुला?” तिच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ नवल होते. एवढे सोपे काम या शिकलेल्या पोराला कसे सुचले नाही, याचे नवल. भरतला वाटले, तिने शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

भागू खाली उतरला. अंगाला चिकटलेली पाने झटकून त्याने दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडेच पाहत तो बोलला.

“आठ दिस झालं मी हे हात बघतोय. म्हनलं, वय झालं. ह्या हातांनी पाखरू मारलं असतं. रोज जाळं बांधलं की घरला जाताना वाटंतनं माघारी फिरतोय गाठ बघाया. तुमी रोज बगत व्हता मला.”

“हो.”

“रोज बगत व्हता,” भागू पुन्हा म्हणाला. मग त्याने विचारले, “कवा जायचंय शिबिराला?”

“उद्या सही करायची होती. मी नाही करणार. ताईंना सांगणार आहे.”

“कवा?”

“उद्या जुन्नरला गेलो की...”

“आत्ता लावा फोन. त्या खडकावं रेंज येतीया. चला, मी हाय संगं.”

खडकावर उभे राहून भरतने फोन लावला. इतके सलग तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. पंगत, टोपी-उपरणे, ऊन, नऊ पंचवीस, अंदाजाचे गुण, पाच तारखेचे गप्प राहणे. काहीही न वगळता. सांगून झाल्यावर फोन तुटला की काय म्हणून त्याने कानापासून दूर करून पाहिला. पडद्यावर सेकंदांचे आकडे पुढे सरकत होते.

“फोन भागूदादांना दे,” ताई म्हणाल्या.

भागूने फोन कानाला लावला. “हां ताई... हां, आत्ताच... न्हाई न्हाई, तसं नगा म्हणू, तुमाला काय सपान पडलं व्हतं?... हां. पर ताई, जाळं सुटलं व्हतं, ते सुटलंच व्हतं. ती माझी चूक हायच. ती तेवढी ऱ्हाऊ द्या तशीच.” त्याने फोन परत दिला. तोवर ताईंनी तो ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वर आल्या. भरतशी त्या फारसे बोलल्या नाहीत. हिरड्याखाली बसून त्यांनी ऑक्टोबरापासूनची वही काढली आणि ज्या नोंदींच्या वेळी भरत एकटा होता, त्या प्रत्येकीपुढे पेन्सिलीने बारीक फुली मारायला सुरुवात केली. भरत समोर उभा होता. एकशे त्रेचाळीस फुल्या झाल्या. त्यांतल्या एकशे बेचाळीस खऱ्या होत्या, हे त्याला ठाऊक होते. ते म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हेही ठाऊक होते.

“या मला वापरता येणार नाहीत,” ताई म्हणाल्या. “हंगाम संपेपर्यंत राहायचं असेल तर राहा. पाखराला हात लावायचा नाही. भागूदादा बघतील, तू लिहायचंस.” अर्जावरचे भरतचे नाव खोडलेले होते, त्यांनी नवा कोरा अर्ज काढून भागूपुढे ठेवला. भागूने हात धोतराला पुसून सही केली, एकेक अक्षर सुटे, सावकाश.

त्यानंतर दोन दिवस भागू कामापुरताच बोलला. चारशे सतरा पुन्हा जाळ्यात आला नाही, त्या झाडावर दिसलाही नाही. मोडक्या पिसांनिशी तो निघाला की कुठे राहिला, हे कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जाळ्यात एक वटवट्या अडकला. भागूने सवयीने हाक दिली, “भरतभाऊ,” आणि मध्येच थांबला. भरत वही घेऊन तीन पावलांवर उभा होता. तो जागचा हलला नाही.

भागूने हात वर केले. मग ते खाली घेतले, बोटे चोळली, पुन्हा वर नेले. पाय सोडवले. पोटावरचा दोरा काढला. डाव्या पंखाभोवती दोन फेरे बसले होते. तिथे तो बराच वेळ अडखळला, आणि भरतच्या हातांना नकळत हालचाल सुटली, ती त्याने वही छातीशी धरून आवरली. चार मिनिटे लागली. पाखरू मोकळे झाले.

“पाच,” भागू पंख उलगडून म्हणाला. आवाज खरखरीत होता. त्याने घसा साफ केला. “पाच, पाच, पाच, पाच, पाच, पाच, चार, तीन.”

भरतने लिहिले.

“आता सोडतो.”

“सात वाजून एकोणपन्नास.”

पाखरू सुटले, हिरड्याच्या शेंड्याकडे गेले आणि पानांत शिरून ओरडू लागले. भागूने तिकडे पाहिले नाही. तो भरतजवळ आला आणि त्याने हात पुढे केला. भरतला क्षणभर कळले नाही. मग त्याने वही त्या हातात दिली. भागूने ओळीवर बोट ठेवून वाचले, पकडल्याची वेळ, नऊ आकडे, सोडल्याची वेळ. भरतच्या मनगटावरचे घड्याळ आपल्याकडे वळवून पाहिले. मग वही परत दिली आणि तो तिसऱ्या जाळ्याकडे चालू लागला.